प्रॅक्टिकलचे एकवीस मार्क

सर, माझ्या मुलीचा बी. फार्मसीला नंबर लागला. काल अमरावतीला जाऊन प्रवेश पक्का करून आलो. खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद पाहिला, सही केली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं." कोणाची मुलगी, कोणाच्या ओळखीनं आली, असं कोणी विचारलं नाही. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं मला वाटलं. अशा वेळी आठवण यायची तर बाबांची यायला हवी होती. आली तुमची. आणि पहिल्यांदाच रागानं आली नाही.

शेलूबाजारच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला केमिस्ट्री शिकवायचात. बारावीची ती प्रॅक्टिकलची परीक्षा मला अजून दिसते. खोलीत सडक्या अंड्यांसारखा वास भरलाय. माझ्या परीक्षानळीच्या तळाशी जो पांढरा साका बसायला हवा तो काही केल्या बसत नाही, आणि मी शेजारणीच्या वहीत डोकावून भलत्याच सॉल्टचं नाव लिहून टाकते. बाहेरून आलेले परीक्षक सगळं तुमच्यावर सोपवून चहाला गेलेत. तुम्ही मला तिसातले एकवीस दिलेत. त्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजातल्या माझ्या मावसबहिणीला तीसपैकी तीस मिळाले. तिच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदा निघायचं. डी. फार्मसीचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. यादी लागली तेव्हा तिचं नाव होतं, माझं चार मार्कांनी हुकलं.

बाबा कुणाशी वाद घालणारे नव्हते. पण त्या दिवशी सोयाबीनचं निंदण अर्ध्यात सोडून ते मला घेऊन तुमच्यापुढे उभे राहिले. "सर, पोरीले पाच मार्क जास्त देल्ले असते त तुमचं काय गेलं असतं?"

"माहं काई गेलं नसतं. पण तिचं सॉल्ट चुकलं होतं," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "काव पोरी, चुकलं होतं का नाई?"

"चुकलं होतं," मी म्हणाले. "पण तिकडच्यायनं त बर्नरबी नाई पेटवला सर. त्यायले तीस भेटले. मंग खरे मार्क मले एकटीलेच काहून?"

तुम्ही चष्मा काढून पुसला. "हे तुहं खरं आहे," तुम्ही म्हणालात. "याचा जवाब माह्यापाशी नाई." मला जवाब नको होता. मार्क हवे होते.

दोन दिवसांनी तुमचा निरोप आला, परीक्षा पुन्हा दे आणि प्रयोगशाळेत येत जा. मी वर्षभर आले, पण धुमसत आले. साका नीट बसला की तुमचा चेहरा खुलायचा. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहायची. पुढल्या परीक्षेत तुम्ही अठ्ठावीस दिलेत. तीस नाहीच. शेवटच्या फेरीत का होईना, नंबर लागला. पेढे मी सगळ्या गल्लीत वाटले, तुमच्याकडे तेवढे दिले नाहीत.

यंदा मुलीची सीईटी दुपारच्या पाळीत आली आणि पेपर अवघड निघाला. पहिल्या फेरीत तिला काहीच मिळालं नाही. "सकाळच्या पोरायले पेपर सोपा होता आई. त्यायचे पर्सेंटाइल माह्यावर गेले. यात माही काय चूक?" ती भिंतीकडे तोंड करून विचारत होती. दोन पाळ्यांचे मार्क सारख्या मापात कसे आणतात, ते मी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. पण तिच्या पाठीकडे पाहून ते सांगवलं नाही. "हे तुहं खरं आहे," मी म्हणाले. ती वळली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्याच आठवड्यात नात्यातल्या एकानं सांगितलं, "एका कॉलेजात आपला माणूस आहे, नुसता फोन कर, जागा निघीन." मी नंबर लिहून घेतला. फोन हातात धरून अख्खी दुपार बसले. लावला नाही. ती हिंमत होती की लाज, मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत तिचं नाव आलं तेव्हा मात्र वाटलं, बरं झालं, आता ते कळायचीही गरज उरली नाही.

हे पत्र कुठं पाठवू? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. वहीत राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीवर नवीनच लागले होते, तेव्हा एकदा तुम्ही चिठ्ठी घेऊन आलात. मी मान खाली घातली, गोळ्या पुढं सरकवल्या आणि परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "सकाळी एक, जेवल्यावर." तुम्ही क्षणभर थांबलात, मग निघून गेलात. त्या दिवशी रांगेत फार गर्दी होती, म्हणून बोलता आलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. गर्दी नव्हती, सर. तुमच्यामागं कोणीच उभं नव्हतं.