ती चाल शकुवहिनीची होती

मी, खाली सही करणारा खुशाल वासुदेवराव झाडे, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी सिनेमा व टीव्हीतला नट, आता काही नाही, मूळ गाव मौजा चिंचमाळा, तालुका हिंगणघाट, हल्ली मुक्काम पिपरी मेघे, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही. दोन्हींबद्दल डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही, नशापाणी मी कधी केले नाही. ॲड. मोहिनी लोणारे म्हणाल्या की "पूर्ण समजून-उमजून" हे शब्द यायला हवेत, तेही आले. त्यांच्या मते मृत्युपत्र दोन पानांत आटोपते. माझे आटोपणार नाही, त्यांनी सांभाळून घ्यावे.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. मेलो मात्र पुष्कळदा आहे. हिंदी सिनेमात एकोणचाळीस वेळा, टीव्हीवरचे मोजायचे सोडून दिले. सवय असूनही या खेपेला कंटाळा आला आहे.

कलम १. माझे वारस. मी लग्न केले नाही, म्हणजे झाले नाही. अल्लीपूरची एक सोयरीक जुळत आली होती. पण मुलीच्या वडिलांनी हिंगणघाटच्या टॉकीजमध्ये माझ्या तोंडातून अळ्या पडताना पाहिल्या. त्या अळ्या नव्हत्या, शिजवलेल्या शेवया होत्या. हे सांगायला मी निघालोही होतो, पण मध्यस्थ म्हणाला, राहू द्या. आईवडील गेले. थोरला भाऊ रूपराव २००६ मध्ये गेला. त्याच्या मागे त्याची बायको शकुबाई, म्हणजे माझी वहिनी, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांची मुलगी उज्वला, नागपूरला नर्स आहे. माझी म्हणावी अशी माणसे एवढीच. उज्वला माझ्याशी चोवीस वर्षांत एक शब्द बोललेली नाही. तिचे काही चुकले असे मला म्हणायचे नाही.

कलम २. पत्र्याची पेटी. तिच्यात केसांचे दोन टोप, दातांची एक कवळी, कपाळाला लावायची रबरी जखम आणि डिंकाची वाळलेली बाटली आहे. ही पेटी चिंचमाळ्याच्या दंडार मंडळाला द्यावी. चौदाव्या वर्षी मी तिथेच पहिल्यांदा लुगडे नेसून उभा राहिलो. आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, बायांची कामे पुरुषच करतात, आणि मी ती बरी करायचो. पंचविसाव्या वर्षी मुंबईला गेलो. तिथे मला हवेलीचा चौकीदार केले. "साहब, उधर मत जाइए," एवढे म्हणायचे आणि पुढच्या प्रसंगात झाडाला लटकायचे. साहेब जायचेच. वीस वर्षे मी हीच चौकीदारी केली आणि सिनेमातल्या नावांच्या पाट्यांमध्ये "और अन्य" या नावाने ओळखला गेलो. एका नायकाने गळा दाबण्याच्या प्रसंगात शेजारी नायिका उभी आहे म्हणून खरोखर दाबला, तेव्हापासून आवाज घोगरा आहे. तो आता वारला, म्हणून त्याला माफ केले. जिवंत असता तर केले नसते.

कलम ३. आता मूळ गोष्ट. वकीलबाई म्हणतात ही मृत्युपत्रात बसत नाही. बसवावी लागेल, कारण खरे लिहिलेला असा दुसरा कागद माझ्याजवळ नाही.

१९९९ साली मला एका मालिकेत चेटकिणीचे काम मिळण्याची शक्यता झाली. दर शनिवारी लागणारी मालिका होती. दिग्दर्शक म्हणाला, केस मोकळे आणि नखे लांब तर सगळेच करतात, मला असे काही दाखव की बाईला आपल्याच घरात भीती वाटावी. मी पाच मिनिटे मागितली आणि त्याच्यासमोर चाललो. डावा पाय मागून ओढायचा, उजवा हात कमरेवर, मागे पाहायचे तर मान नाही, सगळे अंग वळवायचे. दाराशी आले की चौकट धरून थांबायचे आणि विचारायचे, "है क्या कोई घर में?" दिग्दर्शक खुर्चीतून उठला. मालिका अडीच वर्षे चालली. "लंगडी अम्मा" हे नाव पोरांच्या तोंडी बसले आणि पाट्यांमध्ये पहिल्यांदा माझे स्वतःचे नाव आले.

ती चाल शकुवहिनीची होती.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि मी नऊ. आई आदल्याच वर्षी गेली होती. वहिनीने मला न्हाऊ घातले, जेवू घातले, शाळेत हाकलले. दंडारीसाठी पहिले लुगडे तिनेच आपले दिले, नेसवले आणि बाई कशी बसते ते करून दाखवले. पुढे हिंगणघाटच्या बाजारातून येताना बैलबंडी उलटली, तिच्या कमरेचे हाड वाकडे जुळले. तशा पायाने तिने तीस वर्षे डोक्यावर टोपली घेऊन आमच्या वाडीतली वांगी, मेथी, गाजरे दारोदार विकली. पाय अवघडायचा म्हणून ती चौकट धरून थांबायची आणि "आहे का वो कोणी घरात?" असे विचारायची. तिच्या त्या हाकेने बाया सूप घेऊन बाहेर यायच्या. भोगीची भाजी तर अर्ध्या गावात तिच्याच टोपलीतून जायची.

पहिला भाग गावाने शेजारच्या हेमराजच्या टीव्हीवर पाहिला. "हे त आपली शकुबाईच होय," म्हणून सगळे हसले, वहिनीही हसली. हेमराजच्याच फोनवरून मला म्हणाली, "खुशाल, तू त मले मुंबईले नेऊन पोचवलं." मला धन्य वाटले.

वर्षभरात हसू आटले. आधी पोरे तिच्या मागे पाय ओढत चालू लागली. मग तिची हाक आली की दारे लागू लागली. एका घरचे लेकरू तापले. त्याला आदल्या दिवशी तिने टोपलीतले गाजर दिले होते. लेकरू तिसऱ्या दिवशी खेळायला लागले, पण बोलणारे बोलून चुकले होते. वहिनीने टोपली पालथी घातली ती कायमची. उज्वलाला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी एवढेच विचारले, "तेच ना हिची माय?" आणि चहा न घेता उठले. उज्वलाने पुढे कोणाला दाखवून घेतले नाही.

२००० च्या दिवाळीत गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, माईक. वहिनी मांडवात नव्हती. घरी विचारले तर म्हणाली, "पाय दुखते रे." मला सगळे कळले होते. वर्ध्याहून एक वार्ताहर आला होता, त्याने विचारले, ही चाल तुम्हाला सापडली कुठे? मी म्हणालो, सहा महिने स्मशानात बसून अभ्यास केला. ते छापून आले. रूपरावदादा माझ्या शेजारीच बसला होता, त्याने मान खाली घातली. मला तो त्याबद्दल कधीच काही बोलला नाही, आणि तसाच गेला. याचे मला जितके वाईट वाटते तितके दुसऱ्या कशाचेच वाटत नाही.

मी खोटे का बोललो? उभ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट लोक माझी म्हणून ओळखत होते. ती माझी नाही हे माझ्याने सांगवले नाही. दुसरे कारण शोधून पाहिले, सापडले नाही.

सबब मी याद्वारे जाहीर करतो की, सदर चाल, सदर थांबणे आणि सदर हाक ही सौभाग्यवती असताना व नंतरही शकुबाई रूपराव झाडे यांचीच होती व आहे. मी ती न विचारता घेतली. ती चेटकिणीची चाल नाही, कंबर मोडल्यावरही टोपली खाली न ठेवलेल्या बाईची आहे. गावात त्यानंतर जे बोलले गेले त्याला मी जबाबदार आहे. ज्यांनी दारे लावली त्यांनी आपापला वाटा आपण उचलावा.

कलम ४. पिपरी मेघे येथील दोन खोल्यांचा फ्लॅट. पहिल्या मसुद्यात मी हा वहिनीच्या नावे केला होता आणि पुढे लिहिले होते की, वरचे कलम माझ्या तेरवीला, पंगत बसण्याआधी, सगळ्या गावासमोर वाचावे. गेल्या बुधवारी वहिनी एकटी एसटीने आली. वकीलबाईंसमोर मी तिला मसुदा वाचून दाखवला. ती वालाच्या शेंगा सोलत ऐकत होती.

"झालं?" तिने विचारले.

"झालं."

"हे कवा वाचतीन म्हणते?"

"माह्या तेरवीले."

"अन् मी आधी मेली त?"

वकीलबाई कागद चाळू लागल्या.

"लोकं म्हणतीन, लंगडी गेली, बरं झालं," वहिनी म्हणाली. "मंग तुया कागद कोणासाठी? तुले सिनेमात मरून सुटाची सवय लागली, खुशाल. इथं नाई जमत थे."

"वहिनी, जित्यापणी मले गावात तोंड दाखवता येत नाई."

"मी पंचवीस वर्सं दाखवून राह्यली ना."

ती चिडून बोलली नाही. शेंगांची टरफले पदरात गोळा करत बोलली. मला रडू आले. ते मी सवयीने आवरू पाहिले, आणि मग आवरले नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "घर मले नको. उज्वलेले विचार, तिले पायजे असन त घेईन. मले साक्षीदार ठेव." वकीलबाईंनी समजावले की, ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीला राहू नये, उद्या कोणी तक्रार काढू शकतो. "मंग माह्यं नाव खोड," वहिनी म्हणाली. "घर काय, कोनालेबी मिळते. पाह्यलं त मीनं हाय, साक्ष माहीच पायजे."

म्हणून फ्लॅट आता उज्वला रूपराव झाडे हिला. नको असल्यास तिने विकावा, भाड्याने द्यावा, पण मी जिवंत आहे तोवर "नको" असे सांगायला तरी एक फोन करावा. शेतातला माझा हिस्सा दादाला तोंडी दिलेला होता, तोही आता उज्वलाच्याच नावे राहील. बँकेत जे उरेल ते दंडार मंडळाला.

कलम ५. अंत्यविधी साधा करावा. चेहऱ्याला काही लावू नये, आयुष्यभर पुष्कळ लावून झाले. कोणी मोबाईलवर लंगडी अम्माची हाक वाजवू नये. वाजवल्यास त्याला तिथून घालवून द्यावे, मग तो कोणाचा का जावई असेना.

कलम ६. कलम ३ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. उद्या, रविवार दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, चिंचमाळा ग्रामपंचायतीसमोर मी स्वतः उभा राहून ते वाचीन. सरपंचांना कळवले आहे. वहिनी समोर खुर्चीवर बसेल, मागच्या रांगेत नाही. स्मशानातल्या अभ्यासाचे ते कात्रण मी चौकटीत लावून ठेवले होते, ते सोबत नेऊन सगळ्यांसमोर वहिनीच्या हाती देईन. तिने त्याचे काय करायचे ते करावे.

उद्यापर्यंत हृदयाने दगा दिला तर माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी प्रभाकरराव यांनी ठरल्या वेळी, ठरल्या जागी वाचन करावे. ते मास्तर होते, त्यांचा आवाज खणखणीत आहे. आधी वाचन, मग मला उचलावे.

हे मृत्युपत्र मी दोनदा वाचून पाहिले. एकही शब्द मागे घेण्यासारखा वाटला नाही.

मुक्काम: पिपरी मेघे, वर्धा
दिनांक: ११ जानेवारी २०२५

सही: खुशाल वासुदेवराव झाडे

साक्षीदार क्रमांक १: प्रभाकरराव महादेवराव ढोबळे, निवृत्त मुख्याध्यापक, पिपरी मेघे. खुशालरावांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर आहेत. वाचनाची जबाबदारी मला मान्य आहे, पण ती माझ्यावर येऊ नये.
(सही)

साक्षीदार क्रमांक २: शकुबाई रूपराव झाडे, मौजा चिंचमाळा. अंगठा नको, सही येते, असे सांगून त्यांनी सही केली. खालचा मजकूर त्यांनी सांगितला तसा प्रभाकररावांनी लिहिला:

"खुशालनं माह्या डोळ्यासमोर सही केली. मी त्याले लहानपणापासून पाह्यते. नाटक नाई केलं त्यानं."
(सही)