वाणात दिलेल्या वायरीचा लेखी खुलासा

संयोगिता मोबाइल सेंटर,
वाई.
मंगळवार, दुपारचे दोन (गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप आप्पासो अण्णा यांच्या सेवेशी,

हंबीररावाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ते खरं धरू नये. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत पहाटे फिरायला जाताना त्याला लोकरीचा पट्टा बांधत जावा. अंजनावहिनींचं पित्त, समीक्षाचा दहावीचा अभ्यास, दारातला कढीपत्ता, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. रविवारपासून घरात जे आणखी एक माणूस आलेलं आहे, त्याचं जेवणखाण कसं चाललंय तेही ओघात कळवावं. (मी मुद्दाम विचारलं असं त्या माणसाला वाटू देऊ नये.)

काल मी फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच बोललात : "दाजी, फोनवर न्हाई. काय झालंय ते लिवून धाडा. तोंडी रिपोर्ट मी घेत न्हाई." आणि फोन ठेवलात. पलटणीत सुभेदारकी केलेल्या माणसाचा हुकूम मोडायची माझी छाती नाही, म्हणून हा लेखी खुलासा. संयोगिता रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे विश्रामबागेत आली ती समीक्षाचं गणित घ्यायला, असं ती इथे सांगून गेली. (तिने स्वतः गणिताला नववीतच रामराम ठोकला होता, हे तिच्या थोरल्या भावाला मी सांगायला नको.) तेव्हापासून तिचा फोन बंद लागतो. आता फोन बंद असण्याची दोनच कारणं असू शकतात. एक, ती माझ्यावर रागावली आहे. दोन, फोनला चार्जिंग नाही. मी दोन दिवस दुसरं कारण घट्ट धरून बसलो आहे. रात्री झोप लागत नाही, सकाळी चहा उतू जातो, पण कारण मी सोडलेलं नाही. ते शक्य कसं आहे हे समजण्यासाठी मात्र मला मुळापासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या काउंटरखाली डाव्या हाताला एक ड्रॉवर होता, तो तुम्ही पाहिला आहे. त्यात अकरा जातीच्या वायरी. बारीक गोल पिनेची, चपट्या तोंडाची, रुंद तोंडाची, शिवाय एक महागड्या फोनची, जी दुसऱ्या कोणाशी जुळवूनच घेत नाही (तो फोन बाळगणाऱ्यांचंही साधारण तसंच असतं). गिऱ्हाईक फोन घरी ठेवून यायचं आणि "माझ्या फोनला बसंल तसली द्या" म्हणायचं. मी देवाचं नाव घेऊन एक द्यायचो. संध्याकाळी ते ती वायर नाकासमोर नाचवत परत यायचं. मला रक्तदाबाची गोळी लागली ती या ड्रॉवरपायी, हे मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसलं तरी मला ठाऊक आहे. अशात डिसेंबरमध्ये रविराज नावाच्या एजंटाने दुकानदारांची बैठक ठेवली, तीही तुमच्या विश्रामबागेतच एका हॉलमध्ये. (सांगलीत येऊन मी तुमच्या घरी पायधूळ झाडली नाही, याचा खुलासा पुढे येईल.) त्याने एकच वायर उंच धरली. दोन्ही टोकं सारखी, उलटी घाला, सुलटी घाला, बसते. फोनला चालते, लॅपटॉपला चालते, कानात घालायच्या त्या बोंडांच्या डबीलाही चालते, आणि चहा पिऊन होईपर्यंत फोन निम्मा भरते. मग त्याने दुकानदाराचे फायदे सांगितले. अकरा जातींऐवजी एकच माल ठेवायचा, फळी मोकळी होते, चुकीची वायर म्हणून कोणी भांडायला येत नाही, फोनची तऱ्हा बदलली म्हणून जुना माल ड्रॉवरमध्ये कुजत नाही. अण्णा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेला कुपवाडचा दुकानदार जांभया देत होता; त्याचा ड्रॉवर बहुधा एवढा वाईट नसावा. शेवटचा एक फायदा रविराजने आवाज खाली आणून सांगितला, तो इथे महत्त्वाचा नाही.

घरी आलो तर संक्रांत तोंडावर आलेली. आमच्या आळीत संयोगिताच्या हळदीकुंकवाला मान आहे. दुकानावर तिचं नाव असल्यामुळे वाणही दुकानाला शोभेलसं हवं, असं माझ्या मनात आलं. ती दिवाळीपासून मशीनवर कसलंसं कापडाचं शिवत होती, पण कापडाचं काय कोणीही देतं. गाळणी, साबणाच्या डब्या आणि प्लास्टिकचे चमचे तर घरोघरी इतके साठलेत की बायका तेच वाण पुढच्या वर्षी दुसरीकडे लुटतात. (मागच्या खेपेला आमचीच गाळणी आमच्या घरी परत आली.) तेव्हा मी ही जलद चार्जिंगची वायर सुचवली. कल्पना संयोगिताला आवडली. गुरुवारी संध्याकाळी पन्नास बायका आल्या, हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर झालं, तिळगूळ झाला, आणि प्रत्येकीच्या ओटीत एक वायर पडली. बायका जाताना हसत होत्या. ती संध्याकाळ मला अजून आठवते, कारण त्यानंतर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या माया मॅडम आल्या. एका हातात वायर, दुसऱ्या हातात घरचा चार्जरचा ठोकळा, भिंतीत खोचतात तो. आता वायरीचं टोक बारीक आणि त्यांच्या जुन्या ठोकळ्याचं तोंड रुंद. वायर फोनमध्ये बसते, पण ठोकळ्यात बसत नाही. त्यासाठी नवा ठोकळा लागतो, हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "हंबीरराव, हिचं दुसरं टोक कुठं घालायचं असतं?" इतक्या गोड आवाजात विचारलं की मी वायर उगाच उलटसुलट करून पाहिली. दुपारपर्यंत एकोणीस जणी आल्या. वाण परत करायची रीत नाही, त्यामुळे कोणी वायर परत केली नाही, भांडली नाही, आवाज चढवला नाही. फक्त ठोकळा काउंटरवर ठेवायच्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शनिवारी मागच्या घरच्या बनाबाई आल्या, वय सत्तरीच्या पुढे, फोन बटणांचा. म्हणाल्या, "माझ्या फोनला एकबी टोक बसंना बघा. पर तुळशीचं रोप कलंडत हुतं, ते काठीला बांधलंय. तेवढ्याला लय घट्ट हाय." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आवं, वाण द्यायाचं आन ठोकळ्यापायी बायकास्नी दुकानात वडायाचं, ह्यो गळच की." दुकानात सात-आठ जणी होत्या. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता नीटसं आठवत नाही.

त्या दिवसापासून आळीतल्या बायका दुकानासमोर आल्या की रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने जातात. "संयोगिताकडं जायाचं न्हाई," असं त्या म्हणतात तेव्हा दुकान म्हणतात की माणूस, हे मला बसल्या जागी कळत नाही, आणि दोन्हीची मला सारखीच धास्ती वाटते. पाटीवरचं नाव पुसावं म्हटलं तर त्याचा ती काय अर्थ लावेल, म्हणून आणलेली शिडी परत ठेवली. तेव्हा आता मुद्द्यावर येतो. घरात एक वायर शिल्लक होती आणि माझ्या अंदाजाने संयोगिता तीच घेऊन गेली. तुमच्या घरचे ठोकळे मी दिवाळीत पाहिलेत, सगळे जुने, रुंद तोंडाचे. म्हणजे तिचा फोन चार्ज होणं शक्यच नाही, आणि म्हणूनच तो बंद आहे. सांगली गाडीचा कंडक्टर ज्योतिबा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या हाती या पत्राबरोबर नवा ठोकळा पाठवत आहे. तो भिंतीत खोचावा, फोन चालू करावा, आणि मी काळजीत आहे असं तिला सांगू नये. नुसती वेळ विचारत होता म्हणावं.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. समीक्षाला म्हणावं, गणित दुसऱ्या कोणाकडून तरी एकदा तपासून घे.

आपला नम्र,
हंबीरराव

ता. क. : विश्रामबागेत येऊन घरी न आल्याचा खुलासा राहिला. मी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. पिशवीत एकावन्न वायरी होत्या. त्या कशाला असं तुम्ही विचारलं असतं, मी सांगितलं असतं, मग तुम्ही विचारलं असतं की संयोगिताला विचारलंत का. मी विचारलं नव्हतं. कल्पना तिला आवडली असं वर लिहिलंय, ते तसं नाही. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि ती काही बोलली नाही, यालाच मी आवडणं धरलं.

आणखी एक ता. क. : रविराजने हळू आवाजात सांगितलेला शेवटचा फायदा असा, की वायर नेलेलं गिऱ्हाईक ठोकळ्यासाठी परत येतंच. तेव्हा ध्यानात आलं नव्हतं हेही खोटं. बनाबाईंचं बरोबर आहे, तो गळच होता आणि तो मी लावला होता. त्यांना काय उत्तर दिलं तेही मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "वाण म्हणजे बायकांचं खातं. संयोगितानं ठरवलं, मला काय ठाऊक?" दुकानामागे घर, मध्ये पडदा. पडद्यापाशी ती माझा चहा घेऊन उभी होती. तिने कप काउंटरवर ठेवला आणि आत गेली. मला लाज वाटली, अण्णा, पण आठ बायकांसमोर ती बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. रात्रीही झाली नाही.

शेवटचा ता. क. (पाच वाजले) : ठोकळा गुंडाळायला फडकं हवं म्हणून तिची ट्रंक उघडली. वरच ती शिल्लक वायर, पाकीटही न फोडलेली. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, तर तिथे टांगलेला तिचा जुना चार्जर जागेवर नाही. म्हणजे तो ती घेऊन गेली आहे. फोनला चार्जिंग आहे. तेव्हा दुसरं कारण मी सोडलं आणि ठोकळा परत फळीवर ठेवला.

वायरीखाली तिने दिवाळीपासून शिवलेले बटवे होते. एकावन्न. प्रत्येकाला दोन कप्पे. एकात ठोकळा घालून पाहिला, नेमका बसला. दुसऱ्यात वायर गुंडाळून घातली, तीही बसली. कोणत्याही जातीची बसते, मी अकराही घालून पाहिल्या. गिऱ्हाइकं वायरींचा गुंता पिशवीत कोंबून आणतात ते ती पडद्याआडून रोज बघत होती. दुकानाला शोभेलसं वाण तिने आधीच शिवून ठेवलं होतं. मी तिला नुसतं विचारायचं होतं, की काय शिवतेस.

हे पत्र फाडून नवं लिहिणार होतो, पण तुम्हाला खाडाखोड केलेला रिपोर्ट चालत नाही, म्हणून आहे तसंच पाठवतो. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि रथसप्तमी या रविवारी आहे. दुकानाच्या दारात मी पाटी लावली आहे : "वायरीचं वाण मालकाच्या डोक्यातून निघालं. मालकिणीचा दोष नाही. हंबीरराव." माया मॅडमनी ती वाचली आणि एक वेलांटी सुधारून गेल्या. बनाबाईंनी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "पाटी बरी हाय. पर ती आमास्नी कशाला? जिला सांगायाचं तिला सांग की रं." तेव्हा विनंती एवढीच, की हे पत्र तुम्ही एकट्याने वाचू नका. आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि वरचं खोटंही गाळू नका.

बटवे वाटायला मी बसलो तर एकही बाई यायची नाही. शनिवारी संध्याकाळी सांगलीहून इकडे येणारी गाडी ज्योतिबाचीच आहे. पुढची खिडकीची जागा त्याला धरून ठेवायला सांगितली आहे. ती रिकामी आली तरी मी स्टँडवर असेन, आणि रविवारच्या गाडीलाही असेन.