शेवटचा शब्द: बघून

बाबा, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टविरुद्ध मला अत्यंत गंभीर तक्रार नोंदवायची आहे. हल्ली ती बोलते. दार उघडतंय, प्लीज. दार मिटतंय, प्लीज. मागे सरका, प्लीज. अठरा मजले उतरेपर्यंत माणूस तिच्या नम्रतेने अर्धमेला होतो. तुमची नात म्हणते, "पपा, इट्स जस्ट अ लिफ्ट!" तिला काय सांगू, की प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एकच शब्द बांधणारा माणूस मी घरातच पाहिलाय?

तुमचा शब्द 'बघून'. जिना उतर, बघून. रस्ता ओलांड, बघून. सही कर, बघून. आई वैतागायची, "अहो, आम्ही काय आंधळे आहोत?" तुम्ही म्हणायचात, "चिडा, पण बघून." मग ते गणपतीतलं संमेलन. मी पंचविशीतला, जिभेला नुकतीच धार आलेली. तुमचा शर्ट घालून स्टेजवर उभा आहे, खिशाला तुमच्यासारखी दोन पेनं, आणि सुरू: "लग्न कर, बघून. बायकोला उत्तर दे, बघून. मरायचंय? मर, पण बघून!" हॉल हसून लोळतोय. तिसऱ्या रांगेत तुम्हीही टाळ्या वाजवताय. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "गाडी हळू चालव," आणि तोंड मिटलंत. तो शब्द घरात पुन्हा ऐकू आला नाही.

तुम्ही गेल्यावर शारजात तुम्ही फोरमन होतात त्या वर्कशॉपमधला, तुमच्या हाताखालचा म्हातारा लेथवाला भेटायला आला. म्हणाला, "मशीन के शोर में बात का आखिरी लफ्ज ही कान में रहता था, साब. इसलिए फोरमनसाब हर बात के पीछे लगाते थे. पट्टा चढाओ, देखके. हाथ डालो, देखके." बोलता बोलता त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. दहाही बोटं शाबूत होती.

यंदा मंडळाचा फोन आला. "सर, तो वडिलांचा आयटम पुन्हा करा ना, पब्लिक डिमांड आहे." म्हटलं, "तो बंद केलाय." "का हो?" "ते बोलणं माझ्या वडिलांचं होतं. आणि त्यात विनोद नव्हता." "ओके सर, मग दुसरं काही बसवूया." झालं, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, पण एक कबूल करतो. "बाबांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे त्यांना लागलं नाही," असं मी आईला शेवटपर्यंत सांगत राहिलो. टाळ्या वाजवताना तुमची मान खाली होती. स्टेजवरून मला ते दिसलं होतं. तरी मी पुढचं वाक्य म्हटलं.