देवाला न चालणारा हात

अव्वा, आज सकाळी होटगीच्या अलीकडच्या एका वस्तीवर गाय तपासत होते. डावा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात होता आणि तुझी आठवण आली. प्रेमानं आली असं काही म्हणणार नाही. तुझा राग मला अशाच वेळी येतो, हात अडकलेला असतो तेव्हा.

मी तुझ्या पोटी डावरी जन्मले, हा तुझ्या लेखी माझा पहिला गुन्हा. वळसंगच्या आपल्या स्वयंपाकघरात मी भाकरीला डावा हात लावला की तू "यडगै", म्हणजे डावा हात, म्हणून ओरडायचीस आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तो हात माझ्या कमरेला बांधून टाकायचीस. कडक भाकरी एका हातानं मोडत नाही. मी ती ताटात दाबून दाबून मोडते आहे, दादा हसतो आहे, तू हसत नाहीस. आणि सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून त्याच हातावर ठेवायला तूच शिकवलंस. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान. जेवायला चालत नाही तो हात देवाला कसा चालतो, असं मी एकदा विचारलं. "देवाचं येगळं असतंय. त्वांड मिट आन् पूजा कर," म्हणालीस.

बारावीनंतर मी सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकवणाऱ्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस. "नर्स हो की. मानसांची बाळंतपनं कर. गुरांच्या मागं उभं ऱ्हायला शिकीवलं व्हय तुला?" तरी गेले. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं, कृत्रिम रेतनाची गन उजव्या हातात धरायची, डावा हात शेणाच्या वाटेनं आत घालायचा आणि आतून गर्भाशय चाचपायचं. वर्गातली सगळी पोरं घामाघूम झाली. त्यांच्या डाव्या हातांना आयुष्यात कधी काही शोधावंच लागलं नव्हतं. माझ्या बोटांना ते लगेच सापडलं, अंधारात आपल्या घराची कडी सापडावी तसं. सर म्हणाले, "हात लई चांगला हाय की तुझा. डावरी हायस व्हय?" त्या हाताला कुणी चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. शनिवारी एसटीत बसून तेच वाक्य मनात घोळवत घरी आले.

तू पीठ मळत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "कुटला हात म्हनलीस?" मी हौसेनं दाखवला. दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसले तेव्हा तू पुढं आलीस, माझ्या गळ्यातलं लिंग काढून घेतलंस आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलंस. "त्यो हात आता देवाचा ऱ्हायला न्हाय." त्या दिवसापासून माझ्या हातचं तू काही खाल्लं नाहीस. उजव्याही हातचं नाही.

अव्वा, आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, असं शेजारणींना ऐटीत सांगणारी तूच होतीस. बाळंतिणीचा नाही, पाळीचा नाही, मेलेल्याचा नाही. फक्त माझा. रोज सकाळी तू कोपरापर्यंत शेणात हात घालून अंगण सारवायचीस. बाहेर पडलेलं शेण पवित्र आणि आतलं घाण, हे कुठल्या स्वामींनी सांगितलं होतं तुला? बरं, आपली तांबडी गाय गाभण राहीना तेव्हा निरोप कुणाला धाडलास? मी आले, हात घातला, ती गाभण राहिली. ती व्याल्यावर तू खरवस केलास, गल्लीभर वाटलास, पुढं तिच्याच दुधानं लिंगाला अभिषेक घातलास. मला वाटलं, आता तरी. खरवसाची वाटी मी तुझ्यापुढं धरली. "ठिव तितं," म्हणालीस. माशा बसेपर्यंत ती वाटी तिथंच होती.

शेवटच्या दुखण्यात तुला घरी आणलं तेव्हा मी रजा काढून आले होते. तुझे ओठ सुकले होते. मी हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, आणि चमच्यानं पाणी पुढं केलं, उजव्या हातानं. तू मान फिरवलीस. "ब्याड," म्हणालीस. नको. कानडीत म्हणालीस, म्हणजे अगदी मनापासून. मग वहिनीनं पाजलं ते तू प्यालीस. मी बाहेर येऊन बसले. रडू आलं नाही, संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. तू गेल्यावर आपल्या रीतीनं तुला मातीत बसवून पुरलं तेव्हा स्वामींनी तुझं लिंग तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. सगळे हात जोडून उभे होते. मी जोडले नाहीत.

निघताना वहिनीनं देव्हाऱ्यातलं माझं लिंग आणून दिलं. "ताई, घेऊन जावा. हितं कोन पूजा करनार त्याची?" ते मी सोलापूरला आणलं. या गोष्टीलाही आता कितीतरी वर्षं झाली.

हे लिहिलेलं वळसंगच्या पत्त्यावर टाकलं तर दादा वाचेल, आणि पुढचं त्याला कळायला नको आहे. कामावर निघण्याआधी मी रोज पूजेला बसते. मनात तुझ्याशी भांडण चालूच असतं. माझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे, तालुक्यातल्या लोकांना माहीत आहे. डावा तळहात मी पुढं करते, अव्वा, दर वेळी करते. आणि लिंग ठेवते उजव्यावर.