कादंबरीतली मास्तरीण

प्रिय प्रणाली,

माझं पत्र पाहून हसशील. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकून इकडचं तिकडचं बोलले असते आणि ठेवून दिला असता. बरी आहेस ना वं? तुझ्या वर्गातली मयुरी बाजारात भेटली. जरीपटक्यातलं तुझं पार्लर जोरात चालतं म्हणाली.

ती इंग्रजी कादंबरी आठवते काय तुला? दीडशे वर्षांपूर्वीची, बाप गेल्यावर परक्या गावी मुलींना शिकवून स्वतःचं पोट भरणाऱ्या तरुणीची. पंधरा वर्षं शिकवली मी. दर वेळी माझाच ऊर भरून यायचा. तू मागच्या बाकावरून विचारलं होतंस, हे बाई येवढी शिकली तरी लोकाइच्या घरी मान खाली घालूनच जेवते, मंग स्वतंत्र कायची? काय चिडले होते मी! पुढे तू कॉलेज सोडून पार्लरचं काम शिकायला निघालीस, तेव्हा भर वर्गात म्हणाले, जा, जन्मभर लोकांच्या भुवया कोर. पोरी हसल्या. मीही हसले. फार लाज वाटते त्याची.

तुझंच खरं होतं. पंधरा वर्षं तासिकेवरच राहिले. तास घेतला तर पगार, उन्हाळाभर काहीच नाही. कायम जागेसाठी सात मुलाखती दिल्या, दर वेळी नाव आधीच ठरलेलं. यंदा पोरीच आल्या नाहीत म्हणून आमचा विषय बंद केला. मला ते शिपायानं सांगितलं.

आईला अजून माहीत नाही. नोकरी सुटली की दोघी मौद्याला माझ्या घरी राहायला या, असं दादा कधीचा म्हणतो. वहिनीला घरकामाला बाई मिळत नाही ना! तिथं गेले की संपलंच माझं. तीन आठवडे झाले, रोज दहाला डबा घेऊन निघते, वाचनालयात बसते, पाचला परत येते. काल आईनं विचारलं, पोरी ऐकतात काय तुझं? मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

फोन घ्यायला, गिऱ्हाइकांच्या वेळा लिहून ठेवायला तुला कोणी हवंय, असं मयुरी म्हणाली. मला घेशील काय? सेहेचाळीस वर्षांची आहे, पटपट जमणार नाही, पण शिकेन. चुकले तर रागव. फक्त सगळ्यांसमोर मॅडम म्हणू नकोस.

तुझीच,
भावना