बाळंतपण माझं, बारसं त्यांचं

प्रिय ट्रूडी,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. माझा जळफळाट होतोय, आणि या वयात तो सांगायचा कुणाला, म्हणून तुला लिहितेय. तुझ्या बापाला दुसरं घर मिळालंय. बाई नाही गं. बाई असती तर झिंज्या उपटून मोकळी झाले असते. पोर्ट लिंकनला चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते, तिला तो आपला 'होम ग्रुप' म्हणतो. ते होम, मग मी चालवते ती काय खाणावळ?

तुझ्या लग्नाच्या दिवसापासून तू बापाशी बोलणं टाकलंस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ही मीटिंग शोधली मी. आपल्या गावात तसली सोय नाही, आणि असती तरी तो गेला नसता. इथे एकजण शिंकला की सगळं गाव रुमाल काढतं. मी केमिस्टकडून नंबर मिळवला, फोन केला. पलीकडच्या माणसानं विचारलं, तुम्हाला सोडायची आहे का? म्हटलं, नवऱ्याला. तर म्हणे, मग त्यांनीच फोन करायला हवा. कितीतरी दिवस तो नंबर फ्रिजवर चिकटून होता. शेवटी एका सकाळी तुझा बाप, मर्व, बाथरूममध्ये ओकून पडला, मी फरशी पुसत होते, तेव्हा त्यानं तो स्वतःहून मागितला. त्याचं लायसन्स गेलेलं, म्हणून नेलंही मीच. आणि दारात कळलं की आत फक्त पिणाऱ्यांना प्रवेश. मी गाडीत विणकाम घेऊन बसले. थोड्या वेळानं आतून हसणं ऐकू आलं आणि त्यात मर्वचं हसणं मी ओळखलं. आपल्या घरात ते किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी विणलेलं सगळं उसवलं.

येताना विचारलं, काय बोललात, तर म्हणतो, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. शिवाय त्याला एक स्पॉन्सरही आहे. मला वाटलं, क्रिकेटच्या संघाला असतो तसा पैसेवाला कुणी असेल. तसं नाही, ज्यानं आधी सोडली तो नव्याला सांभाळतो. हा क्लॅरी म्हणून म्हातारा आहे, जन्मभर ट्यूना मासे धरणाऱ्या बोटींवर काढलेला. त्याचा फोन आला की मर्व फोन घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जातो आणि तासभर बोलतो. माझ्याशी तासभर बोलला होता तो लग्नाआधी. मी खिडकीतून बघते, बाहीनं डोळे पुसत असतो, आणि इकडे चॉप्स गार होतात.

गेल्या महिन्यात घरच्यांनाही बोलावलं होतं. मी लिपस्टिक लावून गेले. चहा झाला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक झाले, मग मर्व उभा राहिला आणि तुझ्या लग्नाबद्दल बोलायला लागला. तिथलं तिथे ठेवायचा नियम त्यांचा. मी कुठे सभासद आहे? बापानं हात धरून तुला चर्चमध्ये आत न्यायचं होतं आणि तो आलाच नाही, तेव्हा तो पबमध्ये पडला होता असं आपण समजलो ना? नव्हता. त्या सकाळी तुझ्यासाठी त्यानं थेंब घेतला नव्हता, आणि म्हणूनच हात इतके थरथरत होते की शर्टाचं बटण लागेना. तो चर्चच्या मागे गाडीत बसून होता. ऑर्गन सुरू झालेला त्यानं ऐकला. तसल्या लटपटत्या हातानं तुला लोकांसमोर आत आणणं त्याला जमेना, तो गाडी घेऊन निघाला, आणि प्यायला ते त्यानंतर.

मी हे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकलं, ट्रूडी, आणि आजूबाजूची सगळी डोकी हलत होती, कारण त्यांना ते केव्हाचं माहीत होतं. क्लॅरीला माहीत, मीटिंगला येणाऱ्या मोटेलच्या आचाऱ्याला माहीत. तो शर्ट इस्त्री करणारीला नाही. रागापायी मी रडायची विसरले. गाडीत विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू लगेच माफ केलं असतंस, नोएलीन. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं."

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. क्लॅरीनं फोन करून विचारलं, "मर्वचा वाढदिवस आला, केक कोण देणार?" म्हटलं, त्याचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. तर म्हणाला, "तो नव्हे, खरा." वर्षभर थेंब घेतला नाही की त्याला ते वाढदिवस म्हणतात, आणि ज्याचा दिवस, त्यानं निवडलेलं माणूस केक देतं. बाथरूममध्ये गुडघे टेकून बाळंतपण मी केलं, आणि बारसं करणार हे! तरी म्हटलं, केक तरी माझ्या हातचा. सवयीनं मनुके रममध्ये भिजवायला निघाले होते, मग माझं मलाच हसू आलं. निळा ड्रेसही काढून ठेवला. जेवताना मर्व ताटात बघत म्हणाला, "केक ट्रूडीनं द्यावा असं वाटतं. येईल का गं ती?" मी ग्रेव्ही पुढे सरकवली. न लिहिता गप्प बसले असते तर तुला कळलंही नसतं, आणि केक मीच दिला असता. हाही विचार केला मी, खोटं कशाला बोलू? पण या टेबलावर त्यानं बिअरशिवाय आजवर काही मागितलं नव्हतं. बारा ऑगस्टला मीटिंग आहे. पर्थहून तिकीट काढ. केक मी भाजीन, बाई, पण द्यायला तूच लागशील.

तुझीच, जळून कोळसा झालेली,
आई