काचेची वेल

६ जानेवारी
वाघोलीत राहायला आलो. मुलाने, मच्छिंद्रने, चौथ्या मजल्यावरचं हे घर भाड्याने घेऊन दिलं. तो कोथरूडला असतो. ही डायरीही त्याच्याच बँकेची. मी सातवी नापास, पण अक्षर बरं आहे. नळाला दोन्ही वेळ पाणी, वारा भरपूर. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून मी जिन्याने येतो. बायको, सोजर, मात्र लिफ्टच्या आरशात बघून हसते. खोट एकच. बैठकीची खिडकी समोरच्या इमारतीला इतकी लागून की आमचं ताट तिकडे दिसतं. सोजरने आतून “आवं, वाढू का?” विचारलं, तर समोरचा गृहस्थ म्हणाला, “वाढा की, आम्हीही बसलोय!” बिचारी दिवसभर खिडकीकडे फिरकली नाही.

९ जानेवारी
पडदा लावला की अंधार. शेजारच्या विजयमालाबाई चित्रकला शिकवायच्या. त्या म्हणाल्या, काचेवर रंगीत काचांचे तुकडे चिकटवा, उजेड येईल, नजर येणार नाही. काचवाल्याकडून लाल-पिवळे तुकडे आणले. माळ्यावर आधीच्या भाडेकरूंची पिशवी सापडली, तीत हिरव्या बांगड्यांचे तुकडे. आयतीच वाकलेली पानं. खालच्या कोपऱ्यातून वेल वर चढवली. अर्ध्यात पिशवी संपली. गोंद दोन नळ्या कालवून लावायचा. दुकानदार म्हणाला, एकदा धरला की काच जाईल, तुकडा सुटणार नाही. बरं झालं.

१३ जानेवारी
ऊन आलं की फरशीवर हिरवा सडा पडतो. वॉचमन भैरू वर बघून म्हणाला, म्हाताऱ्यानं घराचं देऊळ केलं. संक्रांत म्हणून सोजर कासाराकडे जाऊन हात भरून हिरव्या बांगड्या घालून आली. उन्हात हात धरून बसली होती. किती दिवसांनी तिला असं बघितलं.

१५ जानेवारी
सोजरच्या हातात एक बांगडी कमी. म्हणाली, वाढली असेल कुठंतरी. फुटली म्हणायचं नसतं. सगळं घर झाडलं, तुकडा मिळाला नाही.
वेलीच्या शेंड्याला एक पान जास्त आहे. मी लावलेलं नाही. माझी नजर अधू झाली, दुसरं काय.

१८ जानेवारी
नजर नाही. बांगड्या रोज कमी होतात, पानं रोज चढतात. पान नखाने खरवडलं, नख गेलं.
भैरूला आधीच्या भाडेकरूंबद्दल विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, त्या बाईचा नवरा इथेच गेला. बायकांनी तिचे हात त्याच खिडकीच्या कट्ट्यावर आपटून—
ते तुकडे मी माझ्या घराला लावले. माझ्या हाताने.

२० जानेवारी
मच्छिंद्रला फोन केला. म्हणाला, “आबा, बीपीची गोळी घेतली का?”
चाकू मोडला. खिडकीची झडप काढायला गेलो, ती गोंदाने चौकटीला धरली आहे. हातोडी मारली. काचेला तडा नाही. तडा माझ्या छातीत गेल्यासारखा झाला, खाली बसलो.

२२ जानेवारी
सोजरला पुन्हा कासाराकडे नेलं. नव्या भरल्या. जिना चढेपर्यंत वाढल्या, सगळ्या. जुन्या तेवढ्या दोन राहिल्या. वेल वर पोचली.
तिला सांगितलं नाही. काय सांगू? तुझ्या हाताकडे बघून मी श्वास मोजतो?

२३ जानेवारी
दिवसभर तिचं मनगट धरून बसलो. हसली, म्हणाली, आता या वयात व्हय? धरलेल्या मुठीतच एक गेली. आवाज नाही. तुकडा नाही. फक्त माझ्या तळव्याला रक्त.
आता एकच.

२४ जानेवारी
वरच्या कोपऱ्यात एका पानापुरती जागा आहे. नुसती काच. तिच्यातून समोरचा गृहस्थ इकडेच बघतो. हसत नाही.
डावा हात जड झालाय. हाक मारायला आवाज निघत नाही.
सोजर आत भाकरी थापते आहे. प्रत्येक थापेला बांगडी वाजते. वाजते तोवर मी—
वाजते.
वाजते.
थांबली. भाकरी झाली असेल. नुसती भाकरीच झाली असेल—
आतून विचारते आहे, आवं, वाढू का?
नको. सोजर, नको वाढ